कथा, पटकथा की संवाद? जुन्या हॉलिवूडच्या ऑस्करविजेत्या पटकथा कशा अभ्यासाव्यात?

माहीमकर (प्रश्न)

नमस्कार. मी फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करतो आणि गेली दोन वर्षे माहीम ते चर्चगेट या रोजच्या प्रवासात एका मराठी चित्रपटाची पटकथा लिहीत आहे. गिरणगावातल्या चाळीचा पुनर्विकास आणि खोलीच्या वाट्यावरून दुरावलेले दोन सख्खे भाऊ, असा तिचा विषय आहे. मागच्या महिन्यात १४२ पानांचा मसुदा एका जाणकार गृहस्थांनी वाचला आणि परत देताना पहिल्या पानावर पेन्सिलीने एकच वाक्य लिहून दिले: "संवाद उत्तम आहेत, पटकथा अजून लिहायची आहे."

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो आहे, कारण या दोन गोष्टी नेमक्या कुठे वेगळ्या होतात हेच मला सांगता येत नाही. आपल्याकडे श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावे वेगवेगळी येतात आणि फिल्मफेअरही या तिन्हींसाठी स्वतंत्र पुरस्कार देते. ऑस्करच्या यादीत मात्र संवादाचा पुरस्कार मला कुठेच दिसला नाही. मी १९२९ च्या पहिल्या सोहळ्यापासून १९६० च्या चित्रपटांपर्यंत लेखनासाठी पारितोषिक मिळालेल्यांची यादी वहीत उतरवून घेतली असून एकेका लेखकाचे काम क्रमाने पाहायचे ठरवले आहे. माझे प्रश्न दोन आहेत. तिथे संवादाला वेगळे का मोजले नाही, आणि ही यादी घेऊन अभ्यासाला बसणे योग्य आहे का?

जुना गिरगावकर

आपला प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर थोडे इतिहासात शोधावे लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी झाला तेव्हा लेखनाची पारितोषिके तीन होती. मूळ कथेचे पारितोषिक 'अंडरवर्ल्ड'साठी बेन हेक्ट यांना आणि रूपांतराचे 'सेव्हन्थ हेवन'साठी बेंजामिन ग्लेझर यांना मिळाले. तिसरे होते शीर्षकलेखनाचे, म्हणजे मूकपटात मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या पाट्यांच्या लेखनाचे. ते जोसेफ फर्नहॅम यांना देण्यात आले. पात्रांच्या तोंडचे शब्द त्याच पाट्यांवर उमटत असल्यामुळे, ऑस्करने संवादाला स्वतंत्र मान दिला तो एवढाच, असे म्हणायला हरकत नाही. तोवर बोलपट आले होते आणि हे पारितोषिक पुन्हा कधीही दिले गेले नाही. सुरुवातीच्या बोलपटांच्या श्रेयनामावलीत संवादलेखकाचे नाव वेगळे दिसते, परंतु पुढे संवाद हा पटकथेचाच भाग मानला गेला.

१९४० च्या चित्रपटांपासून थेट पडद्यासाठी लिहिलेल्या पटकथेचे वेगळे पारितोषिक सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी ते 'द ग्रेट मॅकगिंटी'साठी प्रेस्टन स्टर्जेस यांना मिळाले. दिग्दर्शन स्वतःच करायला मिळावे, या एका अटीवर त्यांनी ती पटकथा पॅरामाउंटला अवघ्या दहा डॉलरना दिली होती. १९५६ पर्यंत कथेचे पारितोषिकही वेगळे दिले जात होते, त्यानंतर ते बंद झाले. म्हणजे त्या सोळा-सतरा वर्षांत "काय घडते" आणि "ते पडद्यावर कसे घडते" या दोन गोष्टी वेगळ्या तागडीत तोलल्या जात होत्या. आपल्या वहीत १९५३ साल काढून पाहा. 'रोमन हॉलिडे'ची कथा जिंकली, पण त्याच चित्रपटाची पटकथा नामांकन मिळूनही हरली आणि पटकथेचे पारितोषिक 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'ला गेले. आपल्या जाणकारांच्या पेन्सिलीने हीच रेघ ओढली आहे.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर मी 'पिग्मॅलियन'पासून सुरुवात करायला सांगेन. आपल्या पिढ्यांना ते नाटक पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मुळे माहीत आहे. १९३८ चा चित्रपट ब्रिटिश असला तरी त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाला आणि नोबेलविजेते जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे नाव अन्य तिघांसह त्या यादीत गेले. मूळ नाटकात फुलवाल्या एलायझाची खरी परीक्षा, म्हणजे उच्चभ्रूंच्या मेजवानीत ती खपून जाते तो प्रसंग, रंगमंचावर घडतच नाही. मंडळी घरी परततात आणि त्यांच्या बोलण्यातून आपल्याला सारे कळते. चित्रपटासाठी शॉ यांनी तो नृत्यसमारंभ नव्याने लिहिला. संवादांची ज्यांची ताकद जगाने मान्य केली होती, त्या लेखकालाही पडद्याकडे येताना घडून गेलेली गोष्ट बोलून दाखवण्याऐवजी घडताना दाखवावी लागली. ते नाटक आणि तो चित्रपट शेजारी ठेवून पाहिलेत तर आपल्या १४२ पानांपैकी कोणती पाने "घरी परतल्यावरची" आहेत हे आपले आपल्यालाच दिसेल, असे मला वाटते.

संकलक

मी अंधेरीत संकलनाचे काम करतो, त्यामुळे माझी कसोटी टेबलावरची आहे. आवाज पूर्ण बंद करून प्रसंग पाहायचा. जे कळते ती पटकथा.

या कसोटीवर मला सर्वात मोठी वाटते ती 'द अपार्टमेंट', बिली वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंड यांची, १९६० सालची. वाइल्डर यांना त्या एका चित्रपटासाठी लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती अशी तीन ऑस्कर मिळाली. न्यूयॉर्कमधल्या विमा कंपनीतला बॅक्स्टर हा कारकून बढतीच्या आशेने आपल्या घराची किल्ली वरिष्ठांना त्यांच्या चोरट्या भेटींसाठी देतो. मोठा साहेब शेल्ड्रेकही ती घेतो. बॅक्स्टरला त्याच इमारतीतली लिफ्ट चालवणारी फ्रॅन मनापासून आवडते, आणि साहेबाबरोबर येणारी बाई तीच आहे हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला मात्र ठाऊक असते. आता लेखकांपुढची अडचण पाहा. हे बॅक्स्टरला कळवायचे कसे? दारात योगायोगाने गाठ घालून देता आली असती, एखाद्या सहकाऱ्याच्या तोंडून सांगवता आले असते.

त्यांनी काय केले ते बारकाईने सांगतो. आधीच्या एका प्रसंगात बॅक्स्टरला घरात बाईचा एक पावडरचा डबा सापडतो, आतला आरसा तडकलेला. तो डबा तो साहेबाला परत करतो. प्रसंग लहान आहे, पाहणारा तो जवळजवळ विसरून जातो. मग नाताळच्या आदल्या दिवशी कार्यालयात मेजवानी चालू असताना, बढती मिळालेला बॅक्स्टर नवी हॅट डोक्यावर चढवून ती कशी दिसते असे फ्रॅनला विचारतो. तिला साहेबाच्या जुन्या प्रकरणांची हकीकत काही क्षणांपूर्वीच कळली आहे आणि तिचे लक्ष ठिकाणावर नाही. ती आपल्या पर्समधून डबा काढून त्याच्या हातात देते. तो उघडतो. आरशात त्याचाच चेहरा, मधोमध तडा गेलेला. त्याला सगळे कळते, आणि तो एवढेच म्हणतो की आरसा फुटला आहे. त्यावर, आपल्या मनातला तडा त्या आरशातही दिसतो म्हणून तो तसाच आवडतो, अशा अर्थाचे ती काहीतरी बोलते. दुःख दोघांचे आहे, पण तिला त्याचे दुःख ठाऊकही नाही.

आवाज बंद करून हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि एकदाही तो अडखळला नाही. हॅट आनंदासाठी आली, आनंदामुळे आरसा आला आणि आरशाने आनंद मोडला. एका वस्तूतून दुसरी निघते. ही साखळी म्हणजे पटकथा.

किल्लीचेही तसेच. शेवटी साहेब पुन्हा घराची किल्ली मागतो तेव्हा बॅक्स्टर त्याच्या हातात एक किल्ली ठेवतो. ती असते वरिष्ठांच्या खास प्रसाधनगृहाची, म्हणजे ज्या बढतीसाठी त्याने घर दिले त्या बढतीची. मुंबईत ज्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत संसार पाहिला आहे आणि रिकाम्या खोलीची किल्ली कुणाला द्यायची, कुणाला नाही, हा विचार केला आहे, त्यांना त्या किल्लीचे वजन समजावून सांगावे लागणार नाही.

जुना गिरगावकर

संकलक, आरशाच्या प्रसंगाविषयी आपण लिहिलेले सारे मला मान्य आहे. कसोटी मात्र मी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. आवाज बंद केल्यावर जे उरते तेवढीच पटकथा, असे म्हटले तर 'कॅसाब्लांका'चे काय करायचे?

एपस्टीन बंधू, म्हणजे जुळे भाऊ ज्युलियस आणि फिलिप, आणि हॉवर्ड कॉख यांनी रंगभूमीवर न आलेल्या एका नाटकावरून ती पटकथा लिहिली आणि १९४४ च्या सोहळ्यात त्यांना पारितोषिक मिळाले. आरंभी पोलीस अधिकारी रेनॉ जर्मन मेजरला सांगतो की प्रकरणाचे महत्त्व ओळखून नेहमीच्या दुप्पट संशयित पकडले जात आहेत. त्या वेळी ते वाक्य म्हणजे एका लाचखाऊ अधिकाऱ्याची सफाई आहे आणि आपण हसून पुढे जातो. अखेरीस विमानतळावर नायक रिकने त्याच मेजरला गोळी घातलेली असते, शिपाई धावत येतात, रेनॉ त्यांना मेजर मारला गेल्याचे सांगतो, क्षणभर थांबून रिककडे पाहतो, आणि म्हणतो, "नेहमीच्या संशयितांना पकडा." त्या एका वाक्यात त्याने बाजू बदलली. इथे वस्तू नाही, आरसा नाही; पहिल्या भागात पेरलेले वाक्यच शेवटी वेगळ्या अर्थाने उगवते. आवाज बंद केलात तर हा प्रसंग हातातून गेला.

म्हणून माहीमकरांना माझे सांगणे असे की संवाद कमी करणे हा उपाय नाही. जे वाक्य काढून टाकले तरी पुढचे काहीच अडत नाही, ते कितीही सुंदर असले तरी निव्वळ संवाद आहे. ज्या वाक्यामुळे पुढचा प्रसंग शक्य होतो, ते पटकथेत मोडते.

संकलक

गिरगावकर, मान्य. माझी कसोटी अपुरी होती, आपली अधिक नेमकी आहे. एवढेच जोडतो की 'सिटिझन केन'मध्ये न्याहारीच्या टेबलावरची जी मालिका आहे तिथे या दोन्ही कसोट्या एकाच वेळी लागू पडतात. केन आणि त्याची पहिली पत्नी यांचा संपूर्ण संसार सुमारे दोन मिनिटांत संपतो. प्रत्येक तुकड्यात दोन-चार वाक्ये आहेत आणि ती उत्तरोत्तर तुटक होत जातात. शेवटच्या तुकड्यात एकही शब्द नाही. ती नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचे वर्तमानपत्र वाचत बसलेली आहे. नऊ नामांकने मिळालेल्या त्या चित्रपटाला एकच ऑस्कर मिळाला, आणि तो पटकथेचा.

मालिकालेखिका

वरची चर्चा मन लावून वाचली. माहीमकरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलेले नाही आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लिहिते.

मी दूरचित्रवाणी मालिकांसाठी लिहिते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेचे ४० भाग मी लिहिले आणि श्रेयनामावलीत माझे नाव एकदाही आले नाही. ज्यांचे आले त्यांनी त्यातले एकही पान लिहिले नव्हते. त्यामुळे कोणतीही यादी लेखकाच्या नावावरून अभ्यासायची म्हटले की मी आधी थांबते. आपल्या वहीतल्या १९५३ ते १९५८ या पानांवर तर आपण विशेष थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गिरगावकरांनी 'रोमन हॉलिडे'च्या कथेचा उल्लेख केला. ते पारितोषिक इयन मॅकलेलन हंटर यांच्या नावावर जमा झाले. कथा लिहिली होती डाल्टन ट्रम्बो यांनी. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साम्यवादी असण्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला नकार दिलेल्या दहा जणांपैकी ते एक होते. त्यांना तुरुंगवास झाला आणि स्टुडिओंनी त्यांना काम देणे बंद केले. हंटर यांनी मित्रासाठी आपले नाव दिले. १९५६ च्या 'द ब्रेव्ह वन'ला कथेचे पारितोषिक जाहीर झाले तेव्हा रॉबर्ट रिच हे नाव पुकारले गेले. असा कुणी माणूसच नव्हता, तेही ट्रम्बोच होते. लेखक संघाच्या वतीने एका पदाधिकाऱ्याने व्यासपीठावर जाऊन ऑस्करची ती बाहुली स्वीकारली. हे कथेचे शेवटचे ऑस्कर होते. पुढच्याच वर्षी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेचे पारितोषिक मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पिएर बूल यांच्या नावे गेले, आणि खरे पटकथाकार, काळ्या यादीतले कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन, पडद्याआडच राहिले.

ट्रम्बो यांना 'द ब्रेव्ह वन'ची बाहुली १९७५ मध्ये मिळाली आणि १९७६ मध्ये ते वारले. 'रोमन हॉलिडे'ची बाहुली १९९३ साली त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आली आणि त्या चित्रपटाच्या लेखनाचे श्रेय लेखक संघाने अधिकृतपणे बहाल केले ते २०११ मध्ये. फोरमन आणि विल्सन यांची नावे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने मान्य केली तेव्हा दोघेही हयात नव्हते. आपण ती यादी कोणत्या साली उतरवून घेतली यावर लेखक कोण हे ठरते, इतकी ही गोष्ट सरळ आहे आणि इतकी वाईट आहे.

हे केवळ काळ्या यादीपुरतेच नाही. 'गॉन विथ द विंड'चे पारितोषिक एकट्या सिडनी हॉवर्ड यांच्या नावे आहे. ते सोहळ्याआधीच अपघातात वारले होते. त्या पटकथेवर बेन हेक्ट यांच्यासह आणखी अनेकांचे हात फिरले होते. 'कॅसाब्लांका'चे अखेरचे, मैत्रीच्या सुरुवातीविषयीचे वाक्य तर चित्रीकरण संपल्यावर निर्माते हॅल वॉलिस यांनी सुचवले आणि ते रिकची भूमिका करणाऱ्या बोगार्टकडून नंतर ध्वनिमुद्रित करून घेतले गेले. श्रेय मिळालेल्या तिघांपैकी कुणीही ते लिहिलेले नाही.

उलट ज्यांचे नाव यादीत स्वच्छपणे आहे आणि तरीही आपल्याकडे क्वचितच घेतले जाते, अशा फ्रान्सिस मॅरियन यांना आपल्या वहीत अधोरेखित करा. 'द बिग हाउस' आणि 'द चॅम्प' या दोन चित्रपटांच्या लेखनासाठी त्यांना १९३० च्या दशकाच्या आरंभीच दोन ऑस्कर मिळाले. लेखनासाठी हे पारितोषिक मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पहिला चित्रपट तुरुंगाचा, दुसरा मुष्टियोद्ध्याचा आणि त्याच्या लहान मुलाचा. बायकांनी घरगुती विषय लिहावेत, असे मला आजही बैठकींत सांगितले जाते तेव्हा मला या दोन चित्रपटांची आठवण होते.

तेव्हा नावांच्या क्रमाने जाऊ नका. प्रसंगाच्या क्रमाने जा. ज्या प्रसंगाने आपल्याला धरून ठेवले तो वहीत उतरवा, आणि मग तो कुणी लिहिला याचा शोध घ्या. बहुतेक वेळा तो शोध एका नावावर थांबणार नाही.

माहीमकर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मधल्या दोन रविवारी 'इट हॅपन्ड वन नाइट' पाहिला. रॉबर्ट रिस्किन यांना १९३४ च्या पटकथेचा पुरस्कार त्यासाठी मिळाला होता, आणि आपल्याकडचा 'चोरी चोरी' त्यावरूनच आला. एका खोलीत रात्र काढायची वेळ आलेल्या अनोळखी स्त्री-पुरुषांमध्ये दोरीवर टाकलेली एक चादर आहे. चित्रपटभर ते दोघे त्या चादरीच्या दोन बाजूंनी भांडतात आणि शेवटी ती चादर खाली पडते. तेव्हा पडद्यावर ती दोघे दिसतसुद्धा नाहीत. मी हे आधीही पाहिले होते, पण चादर पाहिली नव्हती.

मग माझा मसुदा उघडला. गिरगावकरांनी सांगितल्याप्रमाणे "घरी परतल्यावरची" पाने मोजली, ती ३१ भरली. सर्वात मोठा प्रसंग दोन भावांच्या भांडणाचा होता, सहा पानांचा, आणि त्यातली वाक्ये मला फार प्रिय होती. ती सहाही पाने मी काढली आहेत.

त्याऐवजी आता असे आहे. चाळीत पहाटे पाच वाजता पाणी येते. धाकटा रात्रपाळीला असतो, म्हणून थोरला रोज स्वतःचे पिंप भरल्यावर गॅलरीतले धाकट्याचे पिंपही भरतो आणि त्यावर झाकण ठेवून वर एक लोटा पालथा घालतो. चित्रपटाच्या सुरुवातीला हे दोनदा दिसते, कुणी त्याविषयी बोलत नाही. पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्यानंतरच्या सकाळी धाकटा रात्रपाळीवरून येतो. लोटा नेहमीप्रमाणे झाकणावर पालथा आहे. तो लोटा उचलतो, झाकण सरकवतो आणि लोटा आत घालतो. पत्र्यावर पत्रा आपटल्याचा आवाज येतो.

संकलक

थोरल्याने पाणी भरले नाही, पण लोटा ठेवला. हे आपण जाणूनबुजून केले आहे का?

माहीमकर

होय. त्याने तो सवयीने ठेवला की मुद्दाम, हे धाकट्याला कळत नाही, आणि पुढची ४० पाने तो तेच शोधत आहे. ती पाने अजून लिहायची आहेत. उद्या सकाळच्या ८:१२ च्या गाडीत सुरुवात करतो.